‘सेन्सिबल’ची पाच वाक्यं

ताईला त्या शब्दाचा राग आला तो बुधवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, डबा खाऊन झाल्यावर.

शिड्यांच्या कारखान्यात दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीचा क्लास भरायचा. ही हौस नव्या साहेबांची. सुपरवायझर व्हायचं असेल तर इंग्रजी आलंच पाहिजे, असं त्यांनी कागदावर लिहून दाराशी लावलं होतं, आणि तेही इंग्रजीत. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते वाचताच येईना! शेवटी ताईच्या धाकट्या भावाने, जो वरच्या ऑफिसात ऑर्डरी घ्यायचं काम करायचा, खाली येऊन सगळ्यांना त्याचा अर्थ सांगितला. ताईने तिथल्या तिथे नाव दिलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, त्यातली सव्वीस वर्षं याच छपराखाली शिड्या जोडण्यात गेलेली. सुपरवायझरची खुर्ची रिकामी होती आणि त्या खुर्चीवर कुणाचा हक्क आहे हे पोरासोरांनाही माहीत होतं.

शिकवायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि खडू झटकत म्हणाल्या, "सेन्सिबल. म्हणजे समंजस, शहाणा, विचार करून वागणारा. आभाळ आलंय म्हणून छत्री घेऊन निघालात, ते सेन्सिबल. माणसाला म्हणता येतं, निर्णयाला म्हणता येतं, बुटांनासुद्धा म्हणता येतं."

"बुटांना?" मागून गोणी म्हणाला. गोणी म्हणजे कारखान्यातला सगळ्यात वजनदार कामगार. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच काय ते आठवत असेल. "बाई, बूट कधीपासून विचार करायला लागले?"

"ताईंच्या पायात बघा. सपाट, रबरी तळाचे, नाडी घट्ट बांधलेली. सेन्सिबल शूज."

झालं. बाराच्या बारा माना ताईच्या पायांकडे वळल्या. ताई हसली, वहीत लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी पाच वाक्यं आणायची. पुस्तकातली नकोत, तुमच्या रोजच्या जगण्यातली."

ताईने शब्दाखाली रेघ मारली आणि पेन तिथेच थांबलं. समंजस. हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता की! आठवीत असताना वडील म्हणाले होते, "दोघांची शाळा जमायची नाही. पण आमची ताई समंजस आहे, ती काही हट्ट करणार नाही." तिने हट्ट केला नाही. भाऊ शिकला. पुढे लग्नाचं बोलणं फिसकटलं, तेव्हाही सगळे म्हणाले, समजून घे, तू समंजस आहेस. आईचं आजारपण आलं तेव्हा तर कुणी विचारलंसुद्धा नाही. समंजस माणूस घरात होतंच. आता तोच शब्द बूट घालून, टाय लावून फळ्यावर येऊन बसला होता. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण गेली.

पहिलं वाक्य तिने तिथेच लिहून टाकलं: ‘माय शूज आर सेन्सिबल.’ एक तरी सुटलं.

आता या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. जुने साहेब, म्हणजे नव्या साहेबांचे वडील, एका पायाने लंगडत. तरुणपणी दुसऱ्याच कुणाच्या तरी शिडीची पायरी निसटून ते पडले होते. त्यांनी कारखाना काढला तेव्हा नियम घातला: ज्याने शिडी जोडली त्याने ती उघडायची, सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं, मोठ्याने दहा आकडे मोजायचे आणि खाली उतरून शिडीच्या आतल्या बाजूला आपल्या नंबराचा ठसा मारायचा. प्रत्येकाचा नंबर कोरलेला पोलादी ठसा असे. हातोडीचा एक ठोका, की अ‍ॅल्युमिनियमवर आकडा उमटला. ताईचा नंबर सात. दिवसभर कारखान्यात कुणी ना कुणी वर उभं राहून मोजत असायचं. इंग्रजीचा क्लास सुरू झाल्यापासून मंडळी वन, टू, थ्री मोजू लागली होती, आणि गोणी दर वेळी सेव्हन विसरायचा.

बुधवारीच क्लास संपल्यावर नवे साहेब खाली आले. शाळांसाठी दोनशे शिड्यांची ऑर्डर होती, ट्रक शुक्रवारी सकाळी येणार होता. ऑर्डर ताईच्या भावानेच आणलेली, तोही साहेबांच्या मागोमाग आला.

"साहेब, बरं झालं आलात," ताई म्हणाली. "दोनशेच्या दोनशे जोडून झाल्या. चढून बघितल्या त्या फक्त वीस. त्यातल्या दोन तिसऱ्या पायरीवर करकरल्या, मी बाजूला काढल्यात. रिव्हेट बघा हे." तिने खिशातून पायरी दांड्याला जोडायचा तो खिळा, एक नवा रिव्हेट, काढून त्यांच्या हातावर ठेवला. "मागच्या महिन्यापासून हे नवे येतायत. मऊ आहेत. हातोडी बसली की डोकं पसरट होतं, पकड राहत नाही."

साहेबांनी रिव्हेटकडे पाहिलंही नाही. "ताई, चढणं आता बंद. आपण आजपासून नमुना तपासणी करणार. वीस शिड्यांमागे एक काढायची, तिच्यावर वाळूची गोणी ठेवायची, बास. सगळीकडे असंच करतात."

"मी जिवंत असताना वाळूची गोणी?" गोणी पुटपुटला. "हा माझा अपमान आहे."

कुणी हसलं नाही. साहेब पुढे म्हणाले, "आणि ऑर्डरच्या कागदावर तपासणाऱ्याचा एकच नंबर लागतो. तुम्ही सगळ्यात जुन्या, म्हणून मी सात टाकून कागद तयार ठेवलाय. उद्या-परवात सगळ्यांवर सातचा ठसा मारून घ्या. एक तारखेपासून सुपरवायझर तुम्ही. ठीक?"

"न चढता ठसा मारू?"

"ताई." साहेबांनी आवाज मऊ केला. "बी सेन्सिबल."

आणि वर निघून गेले. ताईच्या हातात हातोडी होती. ती तिने टेबलावर इतकी जोरात ठेवली, की रिव्हेटचा डबा उडाला.

तिला साहेबांच्या लबाडीपेक्षा एका माणसाची काळजी जास्त होती, आणि तो माणूस तिने कधी बघितलेलाही नव्हता. कुठल्यातरी शाळेतला शिपाई. एका हातात बल्ब, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली, खाली शिडी धरायला कुणी नाही. तो वर चढताना आतल्या बाजूला सात बघणार. बघणारही नाही कदाचित. पण ताईला तर माहीत होतं की तिथे सात आहे!

गुरुवारी संध्याकाळी भाऊ तिच्या खोलीवर आला. दोघांची घरं एकाच जिन्यावर, मध्ये फक्त एक भिंत. आल्या आल्या त्याने तिच्या वहीत डोकावलं, मग स्वतःच स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवलं. स्वतः चहा करायला लागला म्हणजे स्वारीचं काहीतरी काम असणार, हे ताई त्याच्या लहानपणापासून ओळखून होती.

"तू कालपासून एकही ठसा मारला नाहीस म्हणे."

"नाही मारला."

"उद्या नऊला ट्रक येतोय, ताई. ही माझी पहिली मोठी ऑर्डर आहे. माझी बढती अडकलीये तिच्यात. तुझीही अडकलीये. सात हा आकडा आहे नुसता."

"मग तुझा मार."

"माझा नंबर कुठे आहे?"

"नाही ना? मग बोलू नकोस."

भावाने कपात चहा ओतला, थोडा ओट्यावर सांडला. "वरती सगळे म्हणतायत, की एवढी समजूतदार बाई आणि अचानक असं काय झालं हिला. जरा सेन्सिबल हो ना. आजवर सगळं निभावून नेलंस, आता या एका गोष्टीवर घोडं का अडवतेस?"

"अरे, आजवर निभावून नेलं म्हणूनच तर!" ताईचा आवाज चढला. "तुझ्यासाठी शाळा सोडली—"

"मी सांगितलं होतं का सोडायला?" भाऊ फटकन बोलून गेला. "मी सहा वर्षांचा होतो!"

ताईने चहाचा कप दूर सारला. तिला खूप लागलं. लागलं याचं कारण असं की पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं. कुणीच नीट सांगितलं नव्हतं. तिला शहाणी म्हणाले आणि ती शहाण्यासारखी वागत गेली, एवढंच झालं होतं. भाऊ ओशाळला, ओटा पुसून निघून गेला. ताईने वही पुढे ओढली आणि दुसरं वाक्य लिहिलं: ‘माय फादर सेड आय अ‍ॅम सेन्सिबल. आय लेफ्ट स्कूल.’ वाक्यं दोन झाली होती, पण तिने दोन्ही मिळून एकच धरलं. मग सातचा ठसा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि झोपली. झोप छान लागली, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

शुक्रवारी नऊला ट्रक दारात लागला. ड्रायव्हर मागचं फळकं उघडून उभा. बाजूला काढलेल्या दोन सोडून बाकी सगळ्या शिड्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या, त्यातल्या अठरांवरच ठसा. नवे साहेब जिना उतरून आले, मागून हातात फाईल घेतलेला भाऊ.

"ठसे कुठे आहेत?"

"ठसा पिशवीत आहे, आणि पिशवी माझ्या खांद्याला आहे," ताई म्हणाली.

"ताई, हे तुम्हाला शोभत नाही. तुमच्यासारख्या सेन्सिबल बाईने—"

"साहेब, थांबा." आणि ताई जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं, ते तोंडातून आपोआप आलं. "मी मारते ठसा. सगळ्यांवर मारते, डोळे मिटून. फक्त एक करा. यातली कुठलीही एक शिडी घ्या. तुम्हीच निवडा, मी बोटसुद्धा दाखवणार नाही. वर चढा, दहा मोजा, खाली या. तुम्ही उतरलात की माझी हातोडी सुरू."

सगळे हातातलं काम टाकून जवळ आले. ड्रायव्हरसुद्धा फळकं सोडून आत आला.

साहेब हसले. "मी? मी कशाला? हे माझं काम आहे का?" मग त्यांनी मागे वळून भावाकडे पाहिलं. "तू चढ रे. दाखव तुझ्या बहिणीला."

भावाने फाईल गोणीच्या हातात दिली. समोरची शिडी उघडली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्या पोराला रिव्हेटचं माहीत होतं, बुधवारपासून माहीत होतं, आणि तरी तो चढत होता, कारण कुणीतरी त्याला चढ म्हणालं होतं. अगदी तिच्यासारखाच! ती पुढे झाली आणि तिने मागून त्याची कॉलर धरली, शाळेला दांडी मारणाऱ्या पोराची धरावी तशी.

"हा नाही. तुम्ही."

"ताई, सोड," भाऊ हळूच म्हणाला.

"नाही सोडत. तू खाली उतर. तुझ्यासाठी आजवर पुष्कळ समंजसपणा केला, पण हा नाही करणार. तुला वर चढवून मला सुपरवायझर व्हायचं नाही."

भाऊ तसाच उभा राहिला, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मग त्याने पाय खाली घेतला. "साहेब," तो म्हणाला, "मी नाही चढणार. हवं तर बढती नका देऊ."

आता साहेबांना पळवाट उरली नाही. बारा कामगार, एक ड्रायव्हर आणि एक हिशेबनीस, जो आवाज ऐकून जिन्यात येऊन उभा होता, सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी कोट काढला. शिडी निवडायला लागले. पहिली घेतली, रिव्हेट बघून परत ठेवली. दुसरी घेतली, तीही ठेवली. तिसरी उघडून हलवून बघितली. ज्यांनी बुधवारी रिव्हेटकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते आता एकेक रिव्हेट निरखत होते, आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

चौथी शिडी त्यांनी पसंत केली. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर वजन पडलं आणि शिडी करकरली.

"कुणीतरी धरा की जरा खालून," साहेब म्हणाले.

लहानपणी शाळेच्या सुट्टीत जुन्या साहेबांचा हा मुलगा इथे यायचा, शिडीवर चढून दहा मोजायचा, आणि खालून शिडी ताई धरायची. दोघांनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, कारण त्यांनी बघितलं ते नेमकं ताईकडे. तिचे हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे घेतले.

"शाळेतल्या शिपायाची शिडी कुणी धरत नाही, साहेब."

साहेबांनी खाली जमिनीकडे पाहिलं. मग उतरले. जपून, एकेक पाय चाचपत. "बूट घसरतायत," म्हणाले. बूट खरंच टोकदार, चकचकीत, चामडी तळाचे होते. ताईने आपल्या बुटांकडे एकदा पाहिलं.

"करा काय करायचं ते," म्हणत साहेबांनी कोट उचलला आणि वर निघून गेले.

मग काय विचारता! बाराही जण कामाला भिडले. शिडी उघड, चढ, मोज, उतर, ठसा मार, ट्रकपाशी ठेव. चारी कोपऱ्यांतून वन, टू, थ्री सुरू. ड्रायव्हरलाही राहवेना, तोही चार-पाच चढून आला. एका शिडीची वरची पायरी गोणीच्या पायाखालून एका बाजूने निसटलीच; तो वरच्या दांड्याला लोंबकळला, नडगी सोलपटून खाली आला आणि म्हणाला, "आता हे वाळूच्या गोणीने सांगितलं असतं का तुम्हाला?" हसताना ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. एकशे ऐंशीतल्या सतरा बाजूला निघाल्या. भाऊ जमिनीवर मांडी घालून बसला आणि कुठल्या शिडीवर कुणाचा नंबर याचा नवा कागद त्याने हाताने लिहून काढला, बाराही नंबर. एवढं सगळं रामायण झालं ते किती वेळासाठी? दुपारी दोनला ट्रक बाहेर पडला, एकशे एक्याऐंशी शिड्या घेऊन.

सोमवारी दाराशी नवा कागद लागला. सुपरवायझर म्हणून ऑफिसातल्या कुणाचं तरी नाव होतं. या वेळी ताईने तो स्वतः वाचला, बोट ठेवून, अडखळत, पण कुणाला न विचारता. वाचून झाल्यावर तिला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, खूप वाईट वाटलं. सव्वीस वर्षं काही कमी नसतात. मग ती आत गेली आणि पेटीतले नवे रिव्हेट सगळे वेगळे काढून, त्यावर ‘हे वापरू नयेत’ अशी चिठ्ठी लावून तिने ती पेटी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बुधवारी क्लासला ती पहिल्या बाकावर येऊन बसली. बाईंना झाल्या प्रकारातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वाक्यं तपासायला लागणार, एवढ्यात नवे साहेब दारात आले.

"बाई, एक सांगायचं होतं. ताई आता आल्या नाहीत तरी चालेल. जागा भरली गेलीये. त्यांचा वेळ कशाला वाया घालवायचा? त्यांनी सुट्टीत आराम केला तर ते जास्त सेन्सिबल होईल."

"अरे वा," बाई खूश झाल्या, "मागच्या वेळचा शब्द साहेबांनाही येतो! पण त्यांनी गृहपाठ आणलाय, तो तरी ऐकू या. वाचा ताई."

ताई वही घेऊन उभी राहिली.

"माय शूज आर सेन्सिबल."

"छान."

"माय फादर सेड आय अ‍ॅम सेन्सिबल. आय लेफ्ट स्कूल."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"माय ब्रदर वॉज सेन्सिबल. ऑन फ्रायडे ही स्टॉप्ड."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. भाऊ दारापाशी, साहेबांच्या मागे फाईल घेऊन उभा होता. त्याने मान खाली घातली, पण तोही हसत होता.

"गोणी इज नॉट सेन्सिबल. ही क्लाइम्ब्ड ट्वेंटी लॅडर्स."

"ट्वेंटी-टू!" गोणी ओरडला.

ताईने पान उलटलं. पाचवं वाक्य तिला वहीत बघून वाचायची गरज नव्हती. तिने वही मिटली, दाराकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा सुटा म्हटला.

"साहेब इज व्हेरी सेन्सिबल. ही डिड नॉट क्लाइम्ब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, हे वाक्य खोडा."

"का?" बाईंनी भाबडेपणाने विचारलं. "काय चुकलंय त्यात?"

बाराही माना साहेबांकडे वळल्या. बाईंनी लाल पेन घेतलं, ताईच्या हातातून वही घेतली आणि पाचव्या वाक्यापुढे चांगली मोठी बरोबरची खूण केली. "आज पाचही वाक्यांत शब्द अगदी नेमका बसलाय," म्हणाल्या. "शाब्बास."

साहेब वळून निघून गेले. ताई खाली बसली, वहीचं कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"बाई," ती म्हणाली, "पुढचा शब्द सांगा. मी रोज येणार आहे."

"क्लास बुधवारीच असतो, ताई."

"मग दर बुधवारी येईन," ताई म्हणाली.